व्यंकटरावांचा खरा दाखला

"कोरम झाला का?" व्यंकटरावांनी मोबाइलला विचारलं.

मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकून उभा होता. त्यातून त्यांचा मुलगा महारुद्र स्पेनहून म्हणाला, "न्हाई बाबा. बारापैकी पाचच मालक आलेत. आता अर्ध्या तासानं परत सभा. तवा कितीबी असले तर चालतंय."

व्यंकटराव खुलले. "अगं, ऐकलंस का? तिथंबी आपल्यासारखंच हाय!"

"मग तिकडं कशाला गेला त्यो?" कडूबाई चुलीपाशी बसूनच म्हणाल्या.

पोखर्णीत दुपारचे तीन वाजले होते. व्यंकटराव इस्त्रीचा शर्ट आणि पायांत मोजे घालून बसले होते. मोबाइलमध्ये पाय दिसत नाहीत हे त्यांना माहीत होतं. पण सभा म्हणजे सभा.

महारुद्रने तीन वर्षांपूर्वी तिथल्या समुद्राकाठी फ्लॅट घेतला होता आणि त्यातच राहत होता. बेत असा, की फ्लॅट सुट्टीला येणाऱ्या पर्यटकांना आठवड्या-आठवड्याने भाड्याने द्यायचा आणि आपण बायको-लेकीला घेऊन कायमचं पोखर्णीला यायचं. तिकडच्या भाड्यात इकडे आरामात भागलं असतं. पण त्यासाठी परवाना लागत होता, आणि नव्या कायद्याप्रमाणे परवान्याआधी इमारतीतल्या पाचातल्या तीन मालकांची संमती लागत होती. बारा फ्लॅट, म्हणजे आठ हात.

हे ऐकलं तेव्हा व्यंकटरावांना आनंदच झाला होता. मुलगा परदेशात गेल्यापासून त्याच्या एकाही अडचणीत त्यांचा उपयोग झाला नव्हता. त्याच्या कंपनीतलं त्यांना काही कळायचं नाही, समुद्र तर त्यांनी पाहिलाच नव्हता. पण शेजाऱ्याची ना हरकत? चौतीस वर्षं ग्रामसेवक म्हणून त्यांनी दुसरं केलं काय होतं? वेगवेगळ्या गावांत त्यांनी हजारो दाखले दिले होते. कधीही न पाहिलेल्या माणसाला "मी व्यक्तिशः ओळखतो" असं लिहून दिलं होतं, कारण माणूस समोर उभा असायचा आणि त्याची बस निघायची असायची.

म्हणून त्यांनी लगेच दोन कामं केली होती.

पहिलं, नातीसाठी मागच्या पडवीत हात धुवायचं बेसिन. भक्ती पाच वर्षांची. महारुद्रने तिकडच्या भिंतीवर तिची उंची मोजून कळवली, आणि प्लंबर भुजंगने टेप लावून विचारलं, "काका, येवढ्या खाली? शेळीला पाणी पाजायचं हाय का?"

"नात यायलीय."

"कवा?"

"ठराव झाला की."

आरसाही त्याच मापाने लागला. उभ्या माणसाला त्यात शर्टाची तिसरी गुंडी दिसायची.

दुसरं काम म्हणजे दाखला. कोऱ्या कागदावर, सुवाच्य अक्षरात: "दाखला देण्यात येतो की, महारुद्र हा माझा मुलगा असून लिफ्ट बंद पडल्यास तिसऱ्या मजल्यावरील गृहस्थांचे सामान स्वतः वर नेतो. त्याची पत्नी कोणाशीही भांडत नाही. मुलगी भक्ती ही शेजारच्या वयोवृद्ध पिलारबाईंना दररोज गोळी घेण्याची आठवण करते. सबब, परवाना मिळण्यास हरकत नसावी." खाली सही आणि परभणीहून खास करून आणलेला गोल शिक्का: सेवानिवृत्त. हे सगळं रविवारच्या फोनमधून त्यांना माहीत झालं होतं. चौतीस वर्षांत त्यांनी लिहिलेला हा पहिला दाखला, ज्यातलं वाक्य न् वाक्य खरं होतं.

अर्ध्या तासाने बाराही मालक हजर झाले. उरलेले सात इतका वेळ खाली कॉफी पीत होते. अध्यक्षबाईंनी महारुद्रने करून दिलेलं दाखल्याचं भाषांतर मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर टाळ्या वाजल्या. एका म्हाताऱ्याने डोळे पुसले.

"पास झालं गं," व्यंकटराव हळूच म्हणाले. "बुंदी आणायला सांग."

मग पिलारबाई उठल्या. भक्तीचा हात धरून त्या बराच वेळ बोलल्या. मध्येच चाकांच्या बॅगेचा खडखड आवाज तोंडाने काढून दाखवला.

"काय म्हणायल्यात रे?"

महारुद्र म्हणाला, "बाबा, त्या म्हणायल्यात, इतके दिवस वाटायचं, आपल्यालाच ही माणसं चांगली वाटतेत. पण भक्तीच्या आजोबांनी तर सरकारी शिक्का मारून दिलाय. अशी माणसं घालवून दर आठवड्याला नवे बॅगवाले कशाला आणायचे?"

व्यंकटरावांनी मोजा वर ओढला.

"हात वर करायलेत," महारुद्र म्हणाला.

बाजूने दोन: महारुद्र, आणि तळमजल्याचा एकजण, ज्याला स्वतःलाही परवाना हवा होता. विरोधात व्यंकटरावांनी मोजले तर अकरा भरले.

"अकरा न् दोन तेरा कसे? सभासद बारा हायत!"

"भक्तीनंबी केलाय, बाबा. पिलारबाईच्या मांडीवर बसून. तिचा धरायचा न्हाई."

"अपील कुठं करायचं?"

"अपील कशाचं, बाबा. लोकांनी मतं दिलीत."

कडूबाई पदराला हात पुसत मोबाइलपुढे आल्या. "आवं, दुसरं लिहून द्या की! म्हणावं, पोरगं भांडकुदळ हाय, पोरगी रातभर रडती. घालवतेल मग."

व्यंकटरावांनी खिशातलं पेन काढलं. टोपण उघडलं, तशी बोटाला शाई लागली. कागद समोर होता, शिक्का शेजारी होता.

"काय बघायलात? लिहा. जलमभर लिहिलंच की काईबी."

"ती लोकं परकी होती," ते म्हणाले आणि टोपण लावून टाकलं.

मोबाइलमध्ये सभा उठत होती. भक्तीचा हात अजून वरच होता, आता ती तो हलवत होती. "आबा! आबा!" व्यंकटरावांनीही हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. तिकडून फोन बंद झाला तरी तो वरच होता.

"खाली घ्या," कडूबाई म्हणाल्या. "मोजून झालं."

त्या पुन्हा चुलीपाशी जाऊन बसल्या. तिथूनच म्हणाल्या, "भुजंगला सांगून त्ये बेसिन तरी वर घेऊन टाका. कंबर मोडती वाकून."

"ऱ्हाऊ दे. मापानं बसवलंय."

शाईचं बोट धुवायला ते पडवीत गेले. आरशात तिसरी गुंडी दिसली. मग ते उकिडवे बसले, धोतर सावरलं आणि नळ सोडला. तेवढ्या उंचीवरून आरशात त्यांचा चेहरा अगदी बरोबर मधोमध येत होता.