हसऱ्या माणसांचा सिनेमा

मास्तर चौथ्यांदा हसले, तेव्हा बाईंनी मनातल्या मनात स्थळाला नकार देऊन टाकला.

मास्तर म्हणजे कोटाचे शिंपी, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. बाई दाताच्या दवाखान्यात मदतनीस, त्यांचा नवरा जाऊन चार. दोघांचं जुळावं म्हणून बाईंच्या धाकट्या बहिणीनं कंबर कसली होती, आणि तिकिटंही तिनंच काढली होती. जुन्या वळणाचा गोड प्रेमाचा सिनेमा आहे म्हणे. गोड कसला, नुसतं सोंग. नायिकेनं तिसऱ्यांदा नायकाच्या अंगावर कॉफी सांडली, तरी त्यांचं एकमेकांवर प्रेम आहे हे त्या दोघांनाही पटलेलं दिसत नव्हतं.

पण मास्तर हसले की बाईही हसायच्या. जुनी खोड. नवऱ्याच्या शिळ्या विनोदांना त्या बावीस वर्षं हसल्या होत्या. एखाद्या वेळी हसू चुकलं, तर तो दोन-दोन दिवस अबोला धरायचा. पुन्हा तेच पदरी घ्यायचं? त्यापेक्षा एकटेपण परवडलं.

मध्यंतराचे दिवे लागले.

"छान आहे, नाही?" बाई सवयीनं म्हणाल्या.

"हो, हो." मास्तर घुटमळले. "रागावणार नसाल तर सांगतो. नायकाच्या कोटाला खांद्यात झोळ आहे. मी तासभर तेवढाच बघतोय."

"मग हसत कशाला होतात?"

"तुमची बहीण म्हणाली, ताईला हसरी माणसं आवडतात."

बावीस वर्षं ताईला हसतानाच पाहिलेल्या बहिणीचा तरी काय दोष. बाईंना एकदम हलकं वाटलं.

"अहो, मी तुमच्यासाठी हसत होते."

"काय सांगता. इकडे माझे गाल दुखायला लागले."

"मग आता नका हसू."

"चालेल?"

"चालेल काय, पळेल. पण शेवटपर्यंत बसू या. बहीण गोष्ट विचारल्याशिवाय सोडायची नाही."

दिवे गेले. नायक पाय घसरून भल्यामोठ्या केकवर पडला. पुढच्या रांगेत कोणीतरी खिदळलं. मास्तर हाताची घडी घालून गप्प बसले होते. बाईंनी चपला काढून पाय मोकळे केले आणि पाठ खुर्चीला टेकवली. इतक्या वर्षांत प्रथमच एका पुरुषाशेजारी त्या न हसता बसल्या होत्या, आणि कुणी रुसलं नव्हतं.