सकाळची तारीख

“बाबा, हात बाजूला घ्या. एक स्क्रू हरवला तर मला घरभर रांगत फिरावं लागेल.”

स्क्रूताईने माहेरचा जुना लॅपटॉप पालथा घातला. दुरुस्तीच्या दुकानात सगळे तिला याच नावाने ओळखत. बिघडलेली वस्तू तशीच पडलेली दिसली की तिला चैन पडत नसे. या लॅपटॉपच्या आतल्या घड्याळाची बॅटरी कधीच संपली होती. रोज सकाळी तो कुठलंतरी जुनंपुराणं साल दाखवायचा आणि तारीख लावल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. बाबा बिनतक्रार लावायचे. कचेरीत असतानाही रोज सकाळी तारखेचा शिक्का फिरवायचं काम त्यांच्याकडेच होतं.

तिने झाकण काढलं, दोन तारांची नाण्याएवढी बॅटरी अलगद सोडवली आणि नवी बसवली.

“झालं! तुमची कटकट मिटली.”

“वा,” म्हणून बाबा उठून आत गेले.

दोन दिवसांनी आईचा फोन आला.

“अगं, ते लॅपटॉपला हातच लावत नाहीत. म्हणतात, त्याचं त्याला सगळं कळतं, माझं काय काम? काल भर दुपारी मला विचारलं, सकाळ झाली का. आजारपणानंतर तेवढंच एक धरून होते गं.”

ताईने फोन ठेवला. भलं करायला गेली आणि होतं तेही घालवून बसली.

दुसऱ्या दिवशी दुकानाला दांडी मारून ती सकाळीच माहेरी पोचली. नवी बॅटरी काढून तिने गुपचूप पर्समध्ये टाकली.

“बाबा, मला फसवलं हो. माल खराब निघाला. आता तुम्हालाच लावावी लागणार तारीख.”

“एवढी मोठी मेकॅनिक, आणि फसलीस?” बाबा खुशीत येऊन खुर्ची ओढत म्हणाले.

साल त्यांनी झटक्यात लावलं. महिन्यापाशी बोट थबकलं. तिथेच राहिलं. महिना सांगून टाकावा असं ताईच्या अगदी ओठांवर आलं, पण तिला धीर होईना.

“अहो,” स्वयंपाकघरातून भांड्यांच्या आवाजात आई ओरडली, “उद्या तीन मार्च. माझी बहीण येणार आहे, विसराल!”

“विसरतोय कसला!” बाबांनी ठसक्यात दोन मार्च लावली.

ताई आत गेली. आई पाठमोरी भांडी घासत होती.

“आई, मावशी तर परवाच येऊन गेली ना?”

“हळू बोल,” आई म्हणाली. “रोज कुणी ना कुणी उद्या येणारच असतं आपल्याकडे.”

आणि तिने नळ मोठा केला.