साबाएतली हिरवी गाडी

मी एक जुनी गाडी आहे. दोन दारांची, बुटकी, गर्द हिरव्या रंगाची. जपानमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला, त्याला आता छत्तीस वर्षे होऊन गेली. त्या वर्षी माझ्यासारख्या कितीतरी जणी तिथून बाहेर पडल्या. काही समुद्रापार गेल्या, काही घाटातल्या वळणांवर संपल्या, बऱ्याचशा भंगारात गेल्या. मी अजून रस्त्यावर आहे. ते कसे घडले हे तुम्हाला सांगावेसे वाटते, कारण ज्यांनी ते घडवले त्यांच्याबद्दल बोलणारे आता दुसरे कोणी नाही.

मित्रांनो, माझ्या पहिल्या मालकाचे नाव हारुहिको उशिजिमा. तो साबाए गावात राहायचा. या गावात जवळजवळ प्रत्येक घरातले कोणी ना कोणी चष्म्याच्या फ्रेम बनवते. हारुहिकोही कारखान्यात फ्रेमच्या कडा घासून गुळगुळीत करायचा. मला घ्यायला आला तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. त्याने आधी बॉनेट उघडून पाहिले नाही की किल्ली मागितली नाही. माझ्या दाराच्या कडेवरून नुसता अंगठा फिरवला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला.

घरी आम्ही पोचलो तेव्हा त्याची आई, किनुए, हात पुसत बाहेर आली. तिने माझ्याभोवती एक फेरी मारली.

"दोनच माणसं बसणार यात?" ती म्हणाली. "मग तुझी बायको, पोरं आणि मी कुठं बसायचं?"

"आई, आधी बायको तर मिळू दे."

"ही असली गाडी घेतल्यावर कोण देतंय तुला बायको!"

तिचे बोलणे खरे ठरले. हारुहिकोने लग्न केले नाही. रविवार उजाडला की तो मला घेऊन रेल्वे रुळांपलीकडच्या एका छोट्या गॅरेजात जायचा. तिथे तेइझो कादोवाकी नावाचा एक ठेंगणा, चिडका मेकॅनिक होता. हारुहिको त्याला काका म्हणायचा.

"कंपनीनं तुला अख्खी गाडी जोडून दिलीय," तेइझोकाका पहिल्याच दिवशी म्हणाला, "आणि तू ती सुटी करायला माझ्याकडं आणलीस?"

"पुन्हा जोडायचीच आहे, काका. जरा बरी जोडू."

पुढची दहा-बारा वर्षे ते दोघे मला सोडवत आणि जोडत राहिले. माझ्या स्प्रिंगा बदलून मला जमिनीच्या आणखी जवळ आणले. रुंद टायर आले, इंजिनाचा जोर वाढवणारा मोठा टर्बो आला, पाच गिअरचा गिअरबॉक्स उघडून आतली चाके नव्याने बसवली. चालवणाऱ्याची मऊ सीट काढून तिथे कमरेला दोन्ही बाजूंनी घट्ट धरणारी, खोल, कडक सीट बसवली. हारुहिकोने तिच्यासाठी वर्षभर वाट पाहिली होती. आमच्या भागात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ गाडीच्या पोटाला लागले की गंज धरतो. म्हणून हारुहिको दर शनिवारी गार पाण्याने माझे पोट धुवायचा आणि पाठीवर झोपून, विजेरी दातांत धरून, एकेक सांधा तपासायचा. गंजाचा ठिपका दिसला की त्याच दिवशी घासून रंग लावायचा.

ते माझे कौतुकाचे दिवस होते. महिन्यातून एकदा समुद्राकाठच्या मोकळ्या जागेत जुन्या गाड्यांचे शौकीन जमायचे. लोक माझ्यासमोर वाकायचे, आतल्या नळ्या पाहून माना डोलवायचे. हारुहिकोचा मित्र काझुमा सगळ्यांना ओरडून सांगायचा, "अरे, याच्या बॉनेटखाली पान मांडून जेवायला बसा! एवढं स्वच्छ याचं स्वयंपाकघर पण नसेल." हारुहिको कानापर्यंत लाल व्हायचा.

मी सोळा वर्षांची झाले त्या हिवाळ्यात बर्फ थांबेचना. घराच्या छपरांवर माणसाच्या उंचीइतका बर्फ साचला. तो वेळेवर खाली लोटला नाही तर वासे मोडतात. एका सकाळी हारुहिको फावडे घेऊन आमच्या छपरावर चढला. मी खाली माझ्या खोलीत उभी होते. वरून बर्फाचे ढीग पडत होते, धप्प, धप्प. मग एक आवाज वेगळा आला. त्यानंतर काहीच पडले नाही. थोड्या वेळाने किनुए ओरडत बाहेर धावली.

आठ महिन्यांनी तो इस्पितळातून घरी आला. शटरपलीकडून मला आधी चाकांचा आवाज आला. बारीक, हलकी चाके. मग किनुएचा आवाज आला, "उघडू का? बघतोस तिला?"

"नको," हारुहिको म्हणाला. "शटर उघडू नकोस. तिचं नाव पण काढू नकोस."

त्याच्या कमरेखाली काहीच हलत नव्हते. माझ्यात तीन पेडल होती. तिसऱ्या दिवशी काझुमाने येऊन माझ्यावर कापड घातले, बॅटरीची तार सोडवली आणि तो निघून गेला.

मित्रांनो, उभे राहणे हा गाडीसाठी विसावा नसतो. पहिल्या वर्षी माझ्या टायरमधली हवा गेली आणि ते एका बाजूने चपटे झाले. दुसऱ्या वर्षी टाकीतले पेट्रोल डिंकासारखे घट्ट होऊ लागले. ब्रेक जागच्या जागी आवळून बसले. उंदरांनी तारा कुरतडल्या आणि माझ्या मागच्या बाजूला घर केले. खरे सांगते, मला त्यांचा आधारच वाटला. ते निदान हलत तरी होते. भिंतीपलीकडे हारुहिकोची खोली होती. त्याचा दूरदर्शन संच सकाळी सुरू व्हायचा आणि संध्याकाळी बंद व्हायचा. आम्हा दोघांत एक विटांची भिंत होती, आणि त्या सहा वर्षांत ती ओलांडून कोणी आले नाही.

किनुए तेवढी यायची. महिन्यातून एकदा, तो झोपला की, हळूच मागच्या दाराने. कापड काढायचे धैर्य तिला नव्हते. ती कापडावरची धूळ झटकायची आणि माझ्याशी बोलायची.

"आज सोबाच्या शेवया केल्या होत्या, मुळा किसून. अर्धा वाडगा खाल्ला त्यानं." किंवा, "आज माझ्यावर ओरडला. बरं वाटलं बाई. महिनाभर तोंडातून शब्द नव्हता."

मग ती जायची. पुढचा महिना यायला फार वेळ लागायचा.

सातव्या वर्षी एका दलालाचा फोन आला. माझ्यासारख्या गाड्यांना परदेशात मागणी आली होती. हारुहिको म्हणाला, "विकून टाक."  गाडी बाहेर काढण्याजोगी करायला किनुएने तेइझोकाकाला बोलावले.

काकाने कापड ओढले, नाक दाबले आणि उंदरांना शिव्या घातल्या. चार दिवस खपून त्याने ब्रेक सोडवले, टायरमध्ये हवा भरली. पाचव्या दिवशी सकाळी तो सरळ हारुहिकोच्या खोलीत गेला. मला भिंतीतून सगळे ऐकू येत होते.

"गाडी ढकलून बाहेर काढायचीय. स्टिअरिंग धरायला माणूस पाहिजे."

"आई धरेल."

"तुझी आई? ती मला थेट अंगणातल्या त्या पर्सिमनच्या झाडावर नेऊन घालेल. तू ये."

"काका, मी त्या सीटमध्ये कसा उतरू?"

"पडशील तसा उतर. मी धरतो."

काकाने त्याला चाकांच्या खुर्चीतून उचलले आणि कसेबसे माझ्यात सोडले. सहा वर्षांनी त्याचे ओझे माझ्यावर आले. ते फार हलके झाले होते. काकाने मागून ढकलले, हारुहिकोने स्टिअरिंग वळवले आणि मी उन्हात आले.

"आता बाहेर काढा मला," हारुहिको म्हणाला.

"जेवून येतो," असे म्हणून काका चालता झाला.

हारुहिको ओरडला. मग त्याने हातांवर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला. त्या खोल सीटने त्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवले होते. एकदा, दोनदा, पाचदा. मग तो स्टिअरिंगवर डोके टेकून रडला. किनुए दारापर्यंत आली आणि परत आत गेली. बराच वेळ गेला. हळूहळू त्याचा हात दाराच्या आतल्या बाजूने फिरू लागला, कुठे काय सैल आहे, कुठे काय निघाले आहे ते पाहू लागला.

काका तासाभराने दात कोरत आला.

"काय मग? दलालाला उद्याच बोलावू?"

हारुहिकोचे डोळे सुजले होते. तो म्हणाला, "आधी ही सीट काढायची."

त्यानंतर चौदा महिने काम चालले. ते काम पाहून माझे जुने चाहते हळहळले. ज्या गोष्टींसाठी लोक माझ्यासमोर वाकत होते, त्या एकेक करून उतरल्या. खुर्चीतून सरकून बसता यावे म्हणून मला पुन्हा उंच केले. सपाट, साधी सीट आली. गिअरबॉक्स निघाला. भंगारात गेलेल्या माझ्याच एका बहिणीचा आपोआप गिअर बदलणारा बॉक्स तिथे बसला. स्टिअरिंगला एका हाताने फिरवायची मूठ लागली, आणि शेजारी एक दांडी आली. ती पुढे ढकलली की ब्रेक लागायचा, मागे ओढली की वेग वाढायचा. तिची मूठ हारुहिकोने स्वतः घासली, चष्म्याच्या फ्रेमसारखी, कुठेही कड लागणार नाही अशी.

काझुमा पाहायला आला आणि हात झटकून म्हणाला, "सगळी वाट लावलीत रे हिची! ही काय गाडी राहिली? बाजारहाटाची ढकलगाडी झालीय."

"मग उद्या बाजारात जाऊ," हारुहिको म्हणाला. "तुला काही आणायचंय का?"

काझुमा पुन्हा आला नाही. समुद्राकाठच्या त्या जमावाचे आमंत्रणही आले नाही. मला वाईट वाटले, हे लपवत नाही. कौतुकाची सवय लवकर लागते.

सरकारी तपासणी झाली, हारुहिकोची गाडी चालवण्याची परीक्षा झाली, आणि पहिल्या दिवशी माझ्या दुसऱ्या सीटवर किनुए बसली. ती दाराला दोन्ही हातांनी धरून होती.

"हळू, हारू, हळू!"

"आई, सायकलवाला आपल्या पुढं गेलाय."

आम्ही समुद्रापर्यंत गेलो. तिथे दोघांनी मला बंद करून काचा खाली केल्या.  किनुएने पिशवीतून भाताचे दोन गोळे काढले, आणि हारुहिकोने दोन्ही खाल्ले.

पुढची दहा वर्षे मी त्याला पुन्हा फ्रेमच्या कारखान्यात कामावर नेले आणि परत आणले. त्या वर्षांत किनुए गेली. काकाचे हात कापू लागले, त्याने गॅरेज बंद केले आणि दुसऱ्याच हिवाळ्यात तोही गेला. शेजारची सीट रिकामी असायची. हारुहिको माझ्याशी कमी बोलायचा. त्याचा स्वभावच तसा. मग त्याचे खांदे झिजले. रोज दोन हातांवर सगळे अंग उचलून खांदे किती वर्षे टिकणार? एका सकाळी तो खुर्ची आणि माझ्या दाराच्या मध्ये पडला आणि शेजारी येईपर्यंत तसाच जमिनीवर राहिला.

या वेळी त्याने माझ्यावर कापड घालू दिले नाही. आठवडाभरात त्याने मला चालवायला नवा माणूस शोधला. चिगुसा नोमोतो, तोयामाहून आलेली, दवाखान्यात औषधे देण्याचे काम करणारी, चौतीस वर्षांची. तीही चाकांच्या खुर्चीवर होती. माझ्यासमोर दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी थांबल्या.

"फार खाली आहे हो. पडेन मी."

"पडशील," हारुहिको म्हणाला. "मी चार वेळा पडलोय. आधी उजवा हात इथं ठेव."

त्याने तिला तीन दिवस शिकवले. ऑईल कधी बदलायचे, गंज कुठे आधी धरतो, कोणती रबरी नळी दर उन्हाळ्यात दाबून पाहायची. चौथ्या दिवशी तिने मला सुरू केले तेव्हा तो घरात निघून गेला होता. मी फाटकाबाहेर पडले. खिडकीचा पडदा ओढलेला होता.

तोयामात माझे बरे चालले आहे. चिगुसा मला वेळेवर धुते. पण साबाएच्या माणसांची सवय सुटत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता हारुहिकोचा फोन यायचा. चिगुसा बॉनेट उघडून मला सुरू करायची आणि फोन आत धरायची. दहा मिनिटे तो ऐकायचा. कधी म्हणायचा, "पट्टा सैल झालाय." कधी नुसते, "ठीक."

मागच्या नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिने बॉनेट उघडले, मला सुरू केले आणि फोन हातात धरून बसली. नऊ वाजून गेले. सव्वानऊ झाले. तिने दोनदा स्वतः लावून पाहिला. पाऊण तास मी जागच्या जागी चालत राहिले. मग तिने किल्ली फिरवली. हारुहिको आदल्या रात्रीच झोपेत गेला होता, हे मंगळवारी कळले.

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. तुमच्या घरातल्या यंत्रांना उभे करून ठेवू नका, चालवा. गंज दिसला तर त्याच दिवशी घासा. आणि एखाद्याचे शरीर पूर्वीसारखे राहिले नाही, तर त्याच्या हातातले काम काढून घेऊ नका. ते काम त्याच्या बेताचे करून द्या. माझ्यात तसे बदल करणारे दोघेही आज नाहीत. कोणी माझ्यासमोर वाकून पाहतही नाही. पण त्यांनी बसवलेली दांडी घट्ट आहे.

उद्या सोमवार. चिगुसाला आठ वाजता दवाखान्यात पोचायचे आहे, आणि रस्त्यावर आज मीठ टाकून गेले आहेत; परतल्यावर तिला माझे पोट धुवावे लागेल.