गरमीचा संशय

भातकुलीचे किसनराव भाजीपाल्याचे मळेकरी. दुसरी मोठी जागतिक लढाई संपली त्या वर्षी त्यांच्या घरात असे काही घडले, जे पुष्कळांच्या घरी घडते आणि दाबले जाते.

त्यांचा मुलगा देवीदास, नुकताच लग्न झालेला, एके सकाळी अवघडून चालताना त्यांना दिसला. खोदून विचारल्यावर त्याने सांगितले, की गुप्त जागी एकाएकी फोड उठून जखमा झाल्या आहेत. पोरगा माल घेऊन अमरावतीला जातो, तिथे वाईट वस्तीत गेला असणार आणि ही गरमीच, म्हणजे उपदंशाचा रोग, असे किसनरावांनी ठरवून टाकले. देवीदासने आईची शपथ घेतली. ती कोणी ऐकली नाही. सून शकुन हिला माहेरी धाडायचे ठरले. गावातल्या वैदूने पाऱ्याची धुरी दिली, तशा देवीदासच्या हिरड्या सुजल्या, लाळ गळू लागली, जेवण सुटले. एका दुपारी तो विहिरीच्या काठावर एकटाच बसलेला शकुनला दिसला आणि तिने त्याला हात धरून घरी आणले.

त्या दिवशी ती पहिल्यांदा सासऱ्यांसमोर बोलली. "मामाजी, मी जाईन माहेरी. पण आधी यायले डाक्टरले दाखवा."

किसनराव दोघांना घेऊन अमरावतीला गेले. तिथल्या केशवराव डॉक्टरांनी देवीदासला पडद्याआड तपासले, रक्त काढून घेतले आणि विचारले, की फोड उठण्याआधी कोणते औषध पोटात गेले होते. सुजलेल्या तोंडाने देवीदासला धड बोलता येईना. दाराशी उभी असलेली शकुन म्हणाली, "हगवन लागली म्हून दुकानातून पांढऱ्या गोळ्या आनल्या होत्या. पोळ्यालेही त्याच खाल्ल्या, अन् तवाही तिथंच फोड आले. लाजेनं आमी कोनाले सांगतलं नाही."

त्या गोळ्या सल्फाच्या होत्या. एखाद्याच्या अंगाला हे औषध सोसत नाही, आणि दर वेळी त्याच जागी फोड उठतात, असे डॉक्टरांनी समजावले. गोळी आणि धुरी दोन्ही बंद झाल्या. जखमा वाळल्या. रक्तातही काही दोष निघाला नाही.

"म्हंजे पोरगा माहा चांगलाच आहे," किसनराव सुटकेने म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत; विहिरीकाठची गोष्ट शकुनने त्यांना सांगितली होती. "आणि गरमी निघाली असती तर, किसनराव? तर तो विहिरीत गेला तरी चाललं असतं? गरमीलाही औषध आहे. आधी रोग ओळखायचा असतो. तुम्ही आधी गुन्हा ठरवलात."

परतताना गाडीत किसनरावांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितले, "माहं चुकलं, बापू."

पुढच्या उन्हाळ्यात शेजारचा भगवंत असाच तोंड लपवून बसला. त्याला खरोखरच गरमी होती. किसनरावांनी त्याला एका शब्दाने दोष दिला नाही. तो आणि त्याची बायको, दोघांनाही ते स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेले. दोघेही बरे झाले.

बंधूंनो, जखम कुठेही असो, ती आधी जाणत्या डॉक्टरला दाखवा. कारण कळायच्या आत आपल्याच माणसाला दोषी ठरवू नका, आणि दोष निघालाच, तरी त्याला औषधावाचून ठेवू नका.