बैठकीच्या खोलीतले ओकचे टेबल

मी एक जुने टेबल आहे. अमेरिकेतल्या मेन नावाच्या राज्यातल्या एका विद्यापीठात, दुसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत माझे आयुष्य गेले. ओकच्या लाकडातून मला घडवले ते इथल्याच सुतारशाळेतल्या मुलांनी. अठरा माणसे बसतील एवढी माझी लांबी आहे. मित्रांनो, माझ्यावर पुस्तके उघडली जातील, वाद होतील, नवे काही ठरेल, असे त्या मुलांना वाटले होते. ठरले पुष्कळ. पण काय काय ठरले ते आठवायचा आता कंटाळा येतो.

एक हिवाळा मात्र आठवतो. नदीपलीकडच्या कागद गिरणीत संगणकावर चालणारी यंत्रे आली होती. जिथे साठ माणसे लागत तिथे नऊ पुरू लागली. शहरातली निम्मी घरे गिरणीवर चालत होती. विद्यापीठाने काहीतरी केले पाहिजे असे सर्वांनाच वाटले, म्हणून समिती नेमली गेली. ती माझ्याभोवती सात वेळा बसली. डोनटची खोकी रिकामी झाली, कागदांचे गठ्ठे वाढले, आणि आठव्या बैठकीत खोली तापवणारी नळी बंद पडली.

ती दुरुस्त करायला रोलां पेल्टिए आला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. गिरणीतून काढल्यावर तो विद्यापीठात दुरुस्तीची कामे करू लागला होता. गुडघ्यावर बसून तो ठोकाठोक करत होता.

"जरा हळू करता का?" कुलगुरू म्हणाले. "आम्ही गिरणी कामगारांविषयी बोलतोय."

"बोला की साहेब. मी त्यातलाच आहे. सव्वीस वर्षं काढली तिथं. मघापासून ऐकतोय, तुम्ही आमचं नाव 'विस्थापित मनुष्यबळ' ठेवलंय. घरी गेल्यावर बायकोला सांगतो. तिला वाटतं मी नुसताच रिकामटेकडा."

कोणीतरी हसले. गणिताच्या प्राध्यापिका अ‍ॅग्नेस व्हिटकोम यांनी पेन खाली ठेवले. "रोलां, तुम्हाला काय हवंय?"

त्याने पाना हातात फिरवला. असे त्याला कोणी विचारले नसावे.

"त्या यंत्रांच्या पडद्यावर आकडे येतात ना बाई, ते कुठून येतात ते मला कळत नाही. त्या नऊ जणांना कळतं. मी आठवीत शाळा सोडली. आता पोरांच्या वर्गात बसायची लाज वाटते."

"माझ्यासमोर या टेबलाशी बसायची वाटेल?"

"टेबलाची कसली लाज?"

त्या शनिवारी सकाळी रोलांसह सात कामगार शिकायला आले. बाईंनी विद्यापीठाची परवानगी मागितली नव्हती. रोलां पेन्सिल इतकी दाबून धरी की कागदाखाली माझ्या अंगावर आकडे उमटत. "टेबलाला पण शिकवताय का?" शेजारचा म्हणायचा. "तुझ्याआधी शिकेल ते," रोलां वर न बघता म्हणायचा. दुपारी बीन्सचे गरम भांडे माझ्यावर यायचे. कागद ओला राहिला की यंत्राचा आवाज कसा बदलतो, हे ती माणसे बाईंना समजावून सांगत, आणि बाई त्याचे समीकरण मांडत. मग बाईंचे विद्यार्थीही येऊन बसू लागले. शिकवणारे कोण आणि शिकणारे कोण, हे कधी कधी मलाही कळत नसे.

तीन वर्षांत त्रेपन्न जण शिकून गेले. सगळ्यांना काम मिळाले असे नाही. काही जण शहर सोडून गेले. रोलां मात्र परीक्षा देऊन शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात लागला. कुलगुरूंनी भाषणात वर्गाचे कौतुक केले. छायाचित्रासाठी मला पुसून चकचकीत केले. तेवढे कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आले नाही.

बाई निवृत्त झाल्या आणि वर्गाचा विस्तार करण्यासाठी समिती नेमली गेली. एका शनिवारी रोलांने दार उघडले. त्याच्याबरोबर बुटांच्या कारखान्यातून काढलेली ल्युसील नावाची शेजारीण होती. तिच्या हातात नवी वही होती.

"आज वर्ग नाही?" रोलांने विचारले.

"वर्गाच्या विस्तारावर विचार चाललाय," समितीतले एक जण म्हणाले.

"चालू द्या. पण विस्तार होईतोवर हिला कुठं बसवू?"

माझ्याभोवती बारा माणसे होती आणि सहा खुर्च्या रिकाम्या होत्या. सगळे पुन्हा कागद चाळू लागले. ल्युसीलने वही कोटाच्या आत घातली. "चल रोलां," ती म्हणाली, "लोक कामात आहेत."

पुढचे मला झाडणाऱ्या बाईकडून कळले. जलशुद्धीकरण केंद्राच्या जेवणाच्या खोलीत वर्ग सुरू झाला, आणि अ‍ॅग्नेसबाई काठी टेकत तिथे जाऊ लागल्या. तो आठ वर्षे चालला. विद्यापीठाचा विस्ताराचा अहवालही आला. तो बरेच दिवस माझ्या एका कोपऱ्यावर पडून होता.

आता माझा एक पाय डगमगतो. त्याखाली कोणीतरी घडी करून कागद घातला आहे. यंत्रेच निबंध लिहू लागली आहेत, म्हणून पुन्हा समिती बसते. विद्यार्थ्यांचे काय होणार, त्यांना कोणती कामे उरणार, यंत्राकडून निबंध लिहून घेणाऱ्यांना पकडायचे कसे, यावर अकरा बैठका झाल्या. बोलणारी माणसे वाईट नाहीत. त्यांना खरेच काळजी वाटते. पण विद्यार्थी अजून एकही आलेला नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण मोठे होऊन अशा टेबलाशी बसाल. तेव्हा त्या टेबलाला पॉलिश केले नाही तरी चालेल. ज्याच्यावर वेळ आली आहे त्याच्यासाठी एक खुर्ची ओढा, त्याला आधी बोलू द्या, आणि येत्या शनिवारी जेवढे जमेल तेवढे सुरू करा. सगळे ठरेपर्यंत थांबू नका. थांबलेली माणसे मी फार पाहिली.

सोमवारी बारावी बैठक आहे. विद्यार्थी दाराबाहेरच, जिन्याच्या पायऱ्यांवर बसलेले असतात. हाक मारली तर ऐकू जाईल.