उचकीचं गाणं

जर्मनीत कार्ल्सरूहेत पीएचडी करणारी निशिगंधा जर्मन सुधारावं म्हणून कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या गटात गेली आणि सापडली तो गट चालवणाऱ्या एका इंग्रजाच्या हाती. ह्यू पेलम सत्तरीचे. लहानपणी इंग्लंडमधल्या एका मोठ्या चर्चमध्ये पांढरा झगा घालून गायचे. पुढे कॉयरमध्ये गात, कॉयरसाठी गाणी रचत युरोपभर हिंडले आणि हानेलोरे नावाच्या जर्मन बाईंशी लग्न करून इथेच राहिले. त्या वारल्या, तेव्हापासून ह्यूंनी एक ओळही रचली नव्हती.

निशिगंधा त्यांना सर म्हणायची. "सर नको," ते म्हणायचे, "ती पदवी घ्यायला राजवाड्यातून अजून बोलावणं आलेलं नाही."

एकदा तालमीआधी तिनं घाईघाईत कोरडी पोळी-चटणी कोंबली. गाणं विरत विरत थांबलं, ह्यूंचा हात हवेत राहिला आणि त्या शांततेत तिला उचकी लागली. चांगली खणखणीत.

"एन्टशुल्डिगुंग," ती पुटपुटली, आणि माफी मागतानाच दुसरी आली. शेजारची उटे फिसकन हसली, मग सगळेच. ह्यूंचा तर हसता हसता चष्मा पियानोवर पडला.

"तुमच्याकडे यावर काय करतात?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"कुणीतरी आठवण काढतंय असं म्हणतात. एकेक नाव घ्यायचं. बरोबर नाव आलं की उचकी थांबते."

"दुसऱ्यानं घेतलं तर चालतं?"

"बघा घेऊन."

"हानेलोरे," ह्यू म्हणाले.

उचकी थांबली. ह्यूंनी तालीम तिथेच आटोपली आणि टोपी विसरून घरी पळाले.

पुढच्या आठवड्यात ते नवंकोरं गाणं घेऊन आले. अर्ध्या बायकांनी तालात उचक्या द्यायच्या, बाकीच्यांनी नावं गायची. "गेनाऊ, अगदी बरोबर, निशी," ते सांगायचे, "पण जरा पोटातून."

कार्यक्रमाला चर्च भरलं होतं. ह्यूंनी आधी लोकांना उचकीची आणि नावांची गंमत समजावून सांगितली. गाणं रंगात आलं आणि पहिल्या रांगेतल्या एका आजोबांना खरीच उचकी लागली, तीही बेतालात. ह्यू वळले आणि त्यांनाच हातवारे करून ताल देऊ लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "गिझेला." आजोबांनी नाही म्हणून मान हलवली. "रेनाटे." पुन्हा उचकी. मग चर्चभर नावांचा पाऊस. आजोबांच्या बायकोचे कान टवकारलेले. निशिगंधाला हसू आवरेना, उटे तर खालीच बसली. गायला कुणी उरलं नाही, तेव्हा ह्यूंनी बायकांची ओळ स्वतःच चिरक्या आवाजात उचलली आणि टाचा उंचावून, लालबुंद होऊन, शेवटच्या सुरापर्यंत गायली.