कपाळी कुंकू, पानं बंद

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे, आणि मित्रांनो, मी रागावलो आहे. माझ्या पुठ्ठ्यावर कुंकवाचा ठसठशीत टिळा आहे. माझा राग त्या टिळ्यावरच आहे.

मी छापखान्यातून निघालो तो चंपतरावांच्या हाती आलो. ते तेव्हा काटोलच्या संत्रा बाजारात काम करत. जरा उसंत मिळाली की मला उघडत. माझ्या पानांना अजून संत्र्याच्या सालीचा वास येतो. ते माझे मानाचे दिवस होते.

पुढे घर नागपूरला, लकडगंजात आलं; चंपतराव मात्र काटोललाच राहिले. चंपतरावांच्या सूनबाई दामिनीताई इथे इंग्रजीची शिकवणी घेतात. त्यांच्याजवळ मोबाइल आहे, म्हणून मी कपाटावर इस्त्रीशेजारी पडून असतो. खंडेनवमीला मात्र मला पुसून पाटावर ठेवतात. पूजेतलं पुस्तक दसऱ्यापर्यंत उघडायचं नाही, ही घरची रीत.

यंदा पुस्तकं पूजेत म्हणून ताईंनी नवमीला परीक्षाच घेतली. जिल्ह्याच्या शब्दस्पर्धेला शिकवणीतून एकच नाव जायचं होतं, तेही त्याच संध्याकाळी. शिकवणीतल्या अश्लेषानं त्यासाठी सगळा उन्हाळा घालवला होता. निवडुंगाला इंग्रजीत कॅक्टस म्हणतात, त्याचं अनेकवचन विचारलं होतं. अंकितनं लिहिलं 'कॅक्टाय', अश्लेषानं 'कॅक्टसेस'. ताईंनी मोबाइलवरचं पहिलंच उत्तर वाचलं आणि अश्लेषाच्या उत्तरावर फुली मारली. त्या फुलीनं ती मागे पडली.

"ताई, दोन्ही चालते वाटते मले. डिक्शनरीत पाहून घ्या ना."

"पूजेतलं पुस्तक उघडत नसतात वं. विद्या रुसते."

"हात नको लावू वं," अंकित हसला, "वार्षिकमध्ये नापास होशील."

अश्लेषा पाटासमोर उभी राहिली. तिचं उत्तर माझ्या पोटात होतं, आणि वर एक झेंडूचं फूल ठेवलं होतं. स्पर्धेला अंकितचं नाव गेलं.

मित्रांनो, इंग्रजीत परदेशातून पुष्कळ शब्द आले. काही जण येताना आपल्या गावचं अनेकवचन घेऊन आले. 'फेनॉमेनन' ग्रीक, त्याचं अजूनही 'फेनॉमिना'च होतं. काही इंग्रजीत पुरते रुळले, जसे 'सर्कस', 'अल्बम'. त्यांना साधा 'एस' किंवा 'ईएस' पुरतो. आणि काही दोन्ही सांभाळतात. आपल्याकडे नाही का, गावचा माणूस घरी मले-तुले बोलतो, ऑफिसात मला-तुला? 'कॅक्टस' त्यातलाच. आपणही 'चादर' फारसीतून घेतली आणि खुशाल 'चादरी' म्हणतो. त्यासाठी कोणी अश्लेषासारख्या पोरीला फुली मारत नाही.

दसऱ्याला चंपतराव काटोलहून आले. अश्लेषा सोनं द्यायला आली, ती खाली मान घालूनच. त्यांनी कारण विचारलं आणि ऐकताऐकताच मला मांडीवर घेऊन उघडलं. कुंकू पानावर सांडलं.

"दोन्ही दिले आहेत," ते म्हणाले. "काहून नाही पाहिलं, सूनबाई?"

"पूजेत होतं ना, बाबा."

"अन् नवमीच्या आधी कोणत्या पूजेत होतं?"

 ताईंनी अश्लेषाचा पेपर काढला, फुली खोडली, गुण वाढवले. स्पर्धेवाल्यांना फोनही केला. नाव बदलता येणार नाही, असं उत्तर आलं.

"मग पुढच्या वर्षी जाईन," अश्लेषा म्हणाली. तिनं माझ्यावर हात ठेवला. "तोवर हा मी घरी नेऊ?"

आता मी तिच्या घरी आहे. ती जेवतानाही मला उघडते. कालच 'डी'च्या पानावर वरणाचा डाग पडला. त्याचा मला राग आला नाही. मित्रांनो, तुमच्या घरात माझा एखादा भाऊ असेल, तर त्याला हात जोडू नका. त्याला हात लावा.